नववं प्रकरण का सुरू होत नाही

‘मी तीन वर्षांपासून एक कादंबरी लिहिते आहे. लिहायला बसण्याआधी आठ महिने आराखडा केला. ४३ पानं झाली, १९ प्रकरणं ठरली, प्रत्येक पात्राची वेगळी टिपणं काढली. नोकरी सांभाळून रोज सकाळी दीड तास मिळतो. आजवर आठ प्रकरणं झाली आहेत. त्यातलं पहिलं मी ११ वेळा लिहिलंय. पण गेले सात महिने नववं सुरूच होत नाही. बसते, मागचं वाचते, चार वाक्यं बदलते आणि वेळ संपतो. लिहिणारा एक मित्र म्हणतो, आराखडा फाडून टाक, त्यानेच तुझा गळा आवळलाय. एक मैत्रीण म्हणते, आराखडाच कच्चा आहे, आधी तो पक्का कर. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर म्हणे एकेका वाक्यासाठी अडून बसायचा. मग मी मागचं घासत बसले तर काय बिघडलं, असंही वाटतं. मला एवढंच सांगा, आराखडा, प्रत्यक्ष लेखन आणि दुरुस्ती यांचं प्रमाण काय असावं? कशाला किती वेळ द्यावा?

ता. क. नवव्या प्रकरणात नायिकेचे वडील जातात. आराखड्यात त्याची एकच ओळ आहे : “वडिलांचा मृत्यू. घराचा प्रश्न निघतो.” आतापर्यंत ज्या दोघांनी वाचलं, त्यांना वडीलच सगळ्यांत जास्त आवडले. आणि हो, जुने खर्डे ठेवावेत की टाकून द्यावेत?’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वरून खाली, दुसऱ्यांदा ता. क. पासून. घोडं कुठे पेंड खातंय ते मला दुसऱ्या वाचनात दिसलं. प्रश्न तुम्ही वर विचारलात आणि अडचण खाली, जाता जाता, दोन ओळींत सांगून टाकलीत.

प्रमाणाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी देते. ठरलेलं प्रमाण नाही. एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांतही ते सारखं राहत नाही. माझी पहिली कादंबरी मी जवळजवळ आराखड्याशिवाय लिहिली आणि तिच्या दुरुस्तीत लिहिण्याच्या दुप्पट वेळ गेला. दुसरीचा आराखडा मन लावून केला, तरी निम्म्या वाटेवर तो बदलावा लागला. त्यामुळे आराखड्याला अमुक महिने, लेखनाला तमुक, असं कुणी सांगितलं तर ते त्याच्या एखाद्या पुस्तकाचं माप असतं, तुमच्या नव्हे.

शिवाय प्रमाण विचारताना आपण असं धरून चालतो की ही तीन कामं एकामागून एक येतात आणि एक संपलं की त्याचं दार लागतं. मला ती तशी दिसत नाहीत. आराखडा करताना आपण विचारतो, पुढे काय घडणार? खर्डा लिहिताना आपल्याला कळतं की ही माणसं तसं वागतील का. दुरुस्तीत आपण पाहतो की जे घडलं ते वाचणाऱ्यापर्यंत पोचतंय का. यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाती आलं की पहिल्याचं उत्तर पुष्कळदा चुकीचं ठरतं. प्रत्येक कादंबरीत हे होतं, आणि कादंबरी खरी लिहिली जाऊ लागल्याची ती खूण आहे. तुमच्या बाबतीत ते आठव्या प्रकरणाच्या शेवटी झालं. तुमच्या मनाने ते ओळखलं, पण तुम्ही अजून मान्य केलेलं नाही.

आता वडिलांकडे येऊ.

आठ महिने आराखडा करत होतात तेव्हा हे गृहस्थ तुम्हाला माहीत नव्हते. ते एका ओळीचे होते. घर कुणाच्या नावावर जाणार हा प्रश्न कथानकात यायला हवा होता, तो येण्यासाठी कुणीतरी जायला हवं होतं, म्हणून वडील. आराखड्यात अशी माणसं फार पटकन मरतात, कारण तिथे त्यांना आवाज नसतो. मग तुम्ही लिहायला लागलात. आठ प्रकरणांत ते बोलले, रुसले, काहीतरी लपवलं असेल, मुलीशी वाद घातला असेल. दोन वेगवेगळ्या वाचकांना तेच सगळ्यांत जास्त आवडावेत, याचा अर्थ कादंबरीचं वजन त्यांच्या बाजूला सरकलंय. अशा माणसाला ‘घराचा प्रश्न निघतो’ एवढ्यासाठी घालवणं तुमच्या हाताला पटत नाहीये. हात अडतो तो त्यामुळे. तुम्ही त्याला आळस समजता, शिस्त कमी पडली असं समजता, प्रमाण चुकलं असं समजता. सात महिने रोज सकाळी दीड तास नेमाने बसणाऱ्या बाईला शिस्त कमी पडलेली नाही.

एका बाजूला ४३ पानांचा आराखडा सांगतो की वडील जाणार. दुसऱ्या बाजूला आठ प्रकरणांचा खर्डा सांगतो की नाही, इतक्यात नाही, असे तर नाहीच. दोघांत निवाडा तुम्हाला करायचाय आणि तो अवघड आहे. म्हणून तुम्ही रोज सकाळी पहिल्या प्रकरणाकडे परत जाता. तिथे वडील जिवंत आहेत.

तुमच्या आधी हा पेच मोठमोठ्यांना पडलाय. इंग्रज कादंबरीकार डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० या काळात दर महिन्याला भागाभागाने छापली जात होती. म्हणजे मागचं छापून झालेलं, बदलायची सोयच नाही. असं असूनही, प्रकाशन सुरू होऊन वर्ष उलटल्यावर, ७ मे १८५० रोजी त्याने आपल्या मित्राला, फॉर्स्टरला, कळवलं की डोराचं काय करायचं हे अजून ठरत नाही, पण आज ठरवलंच पाहिजे. डोरा ही नायकाची बायको. तिचं जगणं-मरणं त्याने वर्षभर मोकळं ठेवलं होतं, आणि शेवटी ती जाते.

हा माणूस आराखडा न करणारा नव्हता. ‘डॉम्बी अँड सन’पासून पुढे त्याच्या मासिक कादंबऱ्यांच्या भागवार टाचणांचे कागद आजही पाहायला मिळतात. कागदाचे दोन भाग करायचे. उजवीकडे त्या भागातली प्रकरणं आणि त्यांतल्या घटना. डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न : अमक्याला आत्ता आणायचं का? तमक्याचं गुपित उघड करायचं का? आणि त्यापुढे नंतर लिहिलेली उत्तरं : हो. नाही. इतक्यात नको. त्या डाव्या बाजूचं मला फार अप्रूप आहे. पुढचं ठरवायचं तर खरं, पण प्रश्नाच्या रूपात, आणि उत्तर द्यायचं ते लिहिण्याची वेळ जवळ आल्यावर. तुमच्या ४३ पानांत मला वाटतं प्रश्नचिन्ह फारसं नसावं. ‘वडिलांचा मृत्यू’ हे विधान आहे. ‘वडील इथे जातात का?’ असं लिहिलं असतं तर नववं प्रकरण सात महिन्यांपूर्वी सुरू झालं असतं.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फचं उदाहरण तर तुमच्या आणखी जवळचं आहे. तिची ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी १९२५ साली आली. तीन वर्षांनी एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिने लिहिलं की पहिल्या रूपात सेप्टिमस, युद्धातून परतलेला सैनिक, हे पात्रच नव्हतं, आणि मिसेस डॅलोवे स्वतः मेजवानीच्या शेवटी आत्महत्या करणार होती, किंवा नुसतीच मरणार होती. ज्यांनी ती कादंबरी वाचलीय त्यांना कळेल की हा बदल किती मुळावरचा आहे. मृत्यू कथेत राहिला, फक्त तो सेप्टिमसच्या वाट्याला गेला, आणि त्यामुळे जिवंत राहिलेल्या बाईला त्याला सामोरं जावं लागलं.

तुमचे वडील जगावेत असा माझा आग्रह नाही. मी तुमची आठ प्रकरणं वाचलेली नाहीत. पण हा प्रश्न तुम्हाला नव्याने विचारावा लागेल, आणि तो ४३ पानांना विचारून चालणार नाही, कारण ती पानं या माणसाला भेटण्याआधीची आहेत. आठ प्रकरणांना विचारायचा.

कसा विचारायचा ते जरा सविस्तर सांगते. आराखडा फाडू नका. बाजूला ठेवा, डोळ्यांसमोरून हलवा. मग झालेल्या आठ प्रकरणांचा, ती जशी आहेत तशी, नवा आराखडा काढा. प्रत्येक प्रसंगाला दोन ओळी, त्याहून जास्त नाही. पहिल्या ओळीत, या प्रसंगात कुणाला काय हवंय. दुसऱ्या ओळीत, प्रसंग संपताना काय बदललं. बदललं नसेल तर ‘काही नाही’ असं स्वच्छ लिहा, मनाची समजूत घालू नका. काय लिहायचा विचार होता ते इथे आणायचं नाही. कागदावर जे उतरलंय तेवढंच. दोन-तीन सकाळी लागतील. मी हे काम प्रत्येक पुस्तकाच्या मधोमध एकदा करते आणि दर वेळी काहीतरी असं दिसतं जे लिहिताना दिसलं नव्हतं. एकदा माझ्या लक्षात आलं की ज्या पात्राला मी दुय्यम समजत होते, त्याच्या इच्छेवर सलग सहा प्रसंग चाललेत आणि नायक नुसता खोलीत उभा आहे. तुमच्या बाबतीत त्या पहिल्या ओळींत ‘वडिलांना हवंय’ किती वेळा येतं ते मोजा.

त्यानंतर तीन कोरी पानं घ्या. पहिल्यावर लिहा, वडील नवव्या प्रकरणात गेले तर पुढच्या तीन प्रसंगांत काय होईल. दुसऱ्यावर, ते गेलेच नाहीत तर. घराचा प्रश्न ते जिवंत असतानाही निघू शकतो, आणि मालक समोर बसलेला असताना निघालेला घराचा प्रश्न बहुधा जास्त बोचरा होतो. तिसऱ्यावर, ते गेले, पण पुष्कळ उशिरा, किंवा त्यांच्या जागी दुसरं कुणी गेलं तर. भाषा कशीही असू द्या. फक्त प्रत्येक पानाच्या शेवटी एका प्रश्नाचं उत्तर द्या : यात मुलीला काय करणं भाग पडतं? ज्या पानावर तिच्यापुढचं काम सगळ्यांत अवघड आहे, तिकडे माझा कौल असतो. वडील गेल्यावर तिच्याशी भांडणारं कुणी उरत नसेल आणि पुढच्या दहा प्रकरणांत तिला नुसतं आठवत बसावं लागणार असेल, तर तुमचा हात योग्य जागी अडलाय. उलट, त्यांच्या जाण्याने तिला अशी एखादी गोष्ट एकटीने ठरवावी लागणार असेल जी त्यांच्यासमोर ती कधीच ठरवू शकली नसती, तर त्यांना जाऊ द्या. मग ते जाणं एका ओळीचं राहणार नाही.

याला एक आठवडा द्या, आणि आठव्या दिवशी निवड करा. शंभर टक्के खात्री होणार नाही, ती खर्डा पूर्ण झाल्यावरही होत नाही. निवड चुकली तर पंधराव्या प्रकरणाच्या आसपास कळेल, आणि कळल्यावर काय करायचं ते पुढे सांगते.

पुढचा आराखडा किती करावा? माझं मत असं, की पुढचे तीन प्रसंग जरा तपशिलात आणि कादंबरीचा शेवट एका वाक्यात, एवढं पुरतं. मधलं धूसर राहू द्यावं. पण या मताला मर्यादा आहे, आणि तुमच्या मित्राला नि मैत्रिणीला ती लागू पडते. मित्राच्या पुस्तकाला आराखडा नडला असेल, मैत्रिणीच्या पुस्तकाला तो नसल्याने त्रास झाला असेल. दोघंही आपापला अनुभव सांगतायत. रहस्यकथेत दुसऱ्या प्रकरणात ठेवलेला धागा अठराव्यात उचलायचा असतो, तिथे घट्ट आराखड्यावाचून गत नाही. तीन काळांत फिरणाऱ्या कथेलाही तो हवा. तुमच्या पत्रावरून तुमची कादंबरी एका घरातल्या माणसांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधांवर चाललेली दिसते. अशा कथेत ताण घटनांच्या क्रमात कमी आणि माणसांत जास्त असतो, आणि माणसं लिहिल्याशिवाय कळत नाहीत.

तुमच्या आराखड्यातला एक भाग मात्र कधीच वाया जाणार नाही. कोण कधी जन्मलं, कोणत्या साली कुणाचं वय काय, कोणती घटना कोणत्या ऋतूत, आणि कोणती गोष्ट कुणाला केव्हा कळली. ही शेवटची नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत आणि नंतर पस्तावतात. कागदपत्रांबद्दल भावाला अजून माहीतच नाही असं पाचव्यात म्हटलं, आणि सातव्यात तो त्यावरून टोमणा मारतो. वाचक हे पकडतो. ४३ पानांतून तेवढं वेगळं काढून भिंतीवर लावा.

आता ११ वेळा लिहिलेल्या पहिल्या प्रकरणाबद्दल. एक प्रयोग करा. पहिला खर्डा आणि अकरावा खर्डा शेजारी ठेवून फक्त प्रसंग पाहा, वाक्यं पाहू नका. तीच माणसं, त्याच खोलीत, त्याच क्रमाने, तेच बोलून उठतायत का? तसं असेल, आणि मला वाटतं तसंच असेल, तर तुम्ही पहिलं प्रकरण एकदाच लिहिलंय आणि दहा वेळा पुसूनपासून लख्ख केलंय.

यात वेळ जातो हे तर आहेच, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. घासलेल्या वाक्याशी आपला जीव जडतो. माझ्या एका हस्तलिखितात रात्रीच्या प्रवासाचा एक प्रसंग होता. मी त्यावर दोन वर्षं काम केलं होतं. त्यातली लय मला पाठ होती, ज्यांना वाचून दाखवला ते गप्प होऊन ऐकत. हस्तलिखित वाचून संपादकांनी विचारलं, हा प्रसंग काढला तर पुढे काय अडेल? मी घरी येऊन सगळं पुन्हा वाचलं. काहीच अडत नव्हतं. उलट तो प्रसंग मध्ये ठेवता यावा म्हणून मी पुढच्या दोन प्रकरणांत नायकाला उगीच एका गावाहून दुसऱ्या गावी हलवलं होतं. सुंदर वाक्यांना जागा मिळावी म्हणून मी कथा वाकवली होती. तो प्रसंग काढला तेव्हा मला खरोखर रडू आलं. कच्च्या भाषेत लिहिलेला असता तर पाच मिनिटांत काढला असता. तेव्हापासून, एखादा प्रसंग पुस्तकात राहणार की नाही हे ठरेपर्यंत मी त्याच्या भाषेला हात लावत नाही.

खऱ्या दुरुस्तीचा नमुना पाहायचा असेल तर जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची ‘पर्स्वेजन’ ही कादंबरी घ्या. १८ जुलै १८१६ ला तिने ती पूर्ण केली. शेवट झाला होता, दोघांचं जुळलं होतं. पण तो शेवट तिला निर्जीव वाटला. तिने शेवटाजवळचं एक प्रकरण काढून टाकलं आणि त्याऐवजी दोन नवी लिहिली. ६ ऑगस्टला पुस्तक नव्याने संपलं. तीन आठवडेसुद्धा लागले नाहीत. जुन्या शेवटात नायक-नायिका एका घरात योगायोगाने एकटे सापडतात आणि बोलणं होऊन जातं. नव्या शेवटात नायिका दुसऱ्याच कुणाशी, पुरुष आणि बायका यांच्यापैकी कुणाचं प्रेम जास्त टिकतं यावर बोलत असते, आणि काही पावलांवर पत्र लिहीत बसलेला नायक ते ऐकतो. तो तिथल्या तिथे तिला पत्र लिहितो. आठ वर्षं मनात ठेवलेलं ती स्वतःच्या तोंडाने बोलते, तेही त्याच्याशी नव्हे, आणि कथा त्या बोलण्याने वळते. भाषा घासून हे साधलं नसतं. प्रसंगच बदलावा लागला. आणि हे तिला शेवटापर्यंत पोचल्यामुळे दिसलं. पहिल्या प्रकरणातच अडकली असती तर शेवट निर्जीव आहे हे तिला कसं कळणार?

फ्लोबेरचं तुम्ही विचारलंत. खरं आहे, तो वाक्यावाक्याला अडायचा. ‘मादाम बोव्हारी’ सप्टेंबर १८५१ मध्ये सुरू झाली आणि १८५६ च्या वसंतात संपली. पण त्याच्या कागदांत भाषेच्या आधीचं काम दिसतं. सबंध कथेचे आराखडे, मग भागांचे, मग एकेका प्रसंगाचे, पुन्हा पुन्हा मांडलेले. पुढे काय घडणार याचा अंदाज बांधून तो वाक्याकडे वळत होता. आणि वाक्य जमल्यावरही तो पानंच्या पानं काढून टाकायचा. फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या ग्रंथालयात या एका कादंबरीची साडेचार हजारांच्या आसपास पानं जपलेली आहेत. शिवाय त्याला नोकरी नव्हती, सगळा दिवस त्याचा होता. तुमच्याकडे दीड तास आहे. त्याची वाक्यावरची निष्ठा जरूर घ्या, फक्त ती दीड तासांत कुठे बसवायची ते पाहू.

त्यासाठी मला नोकरी करून लिहिणारा इंग्रज कादंबरीकार ट्रोलोप जवळचा वाटतो. तो पोस्टखात्यात होता. पहाटे साडेपाचला बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच्या आत्मचरित्रातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते : तीन तासांतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिहिलेलं वाचायचा. आदल्या दिवशीचं, पहिल्या पानापासूनचं नाही. तुमच्या दीड तासात हे पंधरा-वीस मिनिटांचं होईल. कालचं वाचा, एखादा शब्द खटकला तर बदला, आणि कालचं वाक्य जिथे थांबलं तिथून पुढे चला. प्रकरण एक ते आठ उघडायची नाहीत.

मागचं बदलावंसं वाटेल, रोज वाटेल. त्यासाठी वेगळी वही करा. ‘प्र. ३ : भावाची नोकरी आधी सांगायला हवी.’ ‘प्र. ६ : भांडण वडिलांनी सुरू करावं, मुलीने नाही.’ इतकंच लिहून पुढे जायचं, आणि मागचा तो बदल झालाच आहे असं समजून पुढचं लिहायचं. पंधराव्या प्रकरणाचं जे मी वर म्हटलं, त्यावरचा उपायही हाच. तिथे कळलं की वडिलांना ठेवायला नको होतं, तर वहीत तशी नोंद करा आणि सोळाव्यापासून ते नाहीत असं धरून लिहा. खर्डा मधोमध फाटल्यासारखा दिसेल. दिसू द्या. तो वाचायचाय फक्त तुम्हाला. सुरुवातीला हे फार अवघड जाईल, विशेषतः तुमच्यासारख्या नीटनेटकेपणाची सवय असलेल्या माणसाला. पण याने एक गोष्ट साधते : एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत पोचाल तेव्हा त्या वहीतल्या निम्म्या नोंदी आपोआप रद्द झालेल्या असतील, कारण तोवर कादंबरीने आणखी एकदोन वळणं घेतलेली असतील. त्या सगळ्या दुरुस्त्या वेळच्या वेळी केल्या असत्या तर तेवढं काम वाया गेलं असतं.

संपूर्ण खर्डा झाल्यावर काय करायचं ते थोडक्यात सांगते, अजून तुम्हाला त्याची घाई नाही. महिनाभर बाड बंद ठेवा. मग छापून घेऊन, पेन हातात न धरता, शक्य तितक्या कमी बैठकांत वाचून काढा. आधी मोठे प्रश्न सोडवा : कथा फार आधी सुरू होतेय का, दोन पात्रं एकच काम करतायत का, शेवट आधीच्या प्रसंगांतून येतोय का. त्यानंतर एकेक प्रसंग. भाषा सगळ्यांत शेवटी, मोठ्याने वाचून, आणि तिथे मात्र हवं तितकं फ्लोबेर व्हा. पहिलं प्रकरण बाराव्यांदा लिहायची वेळ तेव्हा येईल. शेवटचं प्रकरण हातात असताना पहिलं लिहिण्यात काय फरक पडतो हे तुम्हाला त्या दिवशी कळेल; पहिल्या पानावर कोणती गोष्ट पेरायची हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

राहिला जुन्या खर्ड्यांचा प्रश्न. ठेवा. सगळे ठेवा, अकराच्या अकरा. ‘पर्स्वेजन’च्या जुन्या शेवटाची दोन प्रकरणं, ऑस्टिनने काढून टाकलेलं ते प्रकरण धरून, तिच्या हस्ताक्षरात ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांपैकी तेवढीच उरली. ती जपली गेली म्हणून तिने नेमकं काय बदललं हे आपल्याला ताडून पाहता येतं. तुम्हालाही अकरावा खर्डा एखाद्या दिवशी नव्याने पाहावासा वाटेल, आणि तिसऱ्या खर्ड्यातलं वडिलांचं एखादं वाक्य परत हवंसं वाटेल. प्रत्येकावर तारीख घाला, एका ठिकाणी बांधून ठेवा, आणि ती जागा सकाळी बसता त्या टेबलापासून लांबची असू द्या. झालेली आठही प्रकरणं तिथेच ठेवा. संगणकावर लिहीत असाल तर नवव्यासाठी वेगळी फाईल करा आणि सकाळी फक्त तेवढीच उघडा.